किल्ली कोणाच्या हातीं द्यावी?
(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंतील भाषण)

गांवची सोसायटी असो, जत्रेची वर्गणी असो, कीं पाटाच्या पाण्याची पाळी असो. काम बुडतें तें बहुतेक वेळां चुकीच्या माणसाच्या हातीं गेल्यामुळें. कारभारी कसा पारखावा याचा ख्रिस्ती लोकांच्या बायबलांत पुष्कळ विचार आहे. शहाणपण कोणाच्याहि घरचें असो, तें घ्यावें. म्हणून त्यांतल्या चार हकीकती आज आपणांस सांगतों.

पहिली मोशेची. इस्राएल लोकांना मिसर देशाच्या गुलामगिरींतून सोडविणारा हा पुढारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे तोडीत बसे. त्याचा सासरा इथ्रो हा मिद्यान देशचा याजक. त्यानें जांवयाला बजावलें कीं, अशानें तूं थकशील आणि लोकहि थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर माणसें नेम. कठीण तंटा तेवढा तुझ्याकडे येऊं दे. हीं माणसें कशीं असावींत? कर्तबगार, देवाला भिणारीं, खरें बोलणारीं आणि लांचेचा तिटकारा असलेलीं. यांत धनाचें नांव नाहीं, गोड बोलण्याचेंहि नाहीं! शिवाय दहांवर जो नेमला, त्याची लबाडी त्या दहांपासून किती दिवस लपणार?

दुसरी शमुवेलाची. हा स्वतः निष्कलंक न्यायाधीश होता. पण म्हातारपणीं त्यानें योएल व अबीया या आपल्या मुलांनाच न्यायाधीश नेमलें. पोरें लांच खाऊन न्याय फिरवूं लागलीं. लोक विटले व आम्हांला राजा दे म्हणून हटून बसले. राजा तुमचीं उत्तम शेतें घेईल, पिकाचा दहावा हिस्सा घेईल, असें शमुवेलानें सांगून पाहिलें. कोणीं ऐकलें नाहीं. बापाची सचोटी मुलाला वारशानें मिळत नाहीं, हें यावरून समजावें.

तिसरी यरुशलेमच्या मंदिराची. योवाश राजाच्या काळीं डागडुजीचा पैसा याजक गोळा करीत. राजाच्या कारकीर्दीचें तेविसावें वर्ष उजाडलें तरी दुरुस्ती झालीच नाहीं! तेव्हां यहोयादा याजकानें एका पेटीच्या झांकणाला भोंक पाडून ती वेदीजवळ ठेवविली. पेटींत पैसा सांचला कीं राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून तो मोजीत आणि कामावरच्या देखरेख करणारांच्या हवालीं करीत. ते तो सुतार, गवंडी व पाथरवट यांना देत. त्यांच्याजवळ मात्र हिशेब मागत नसत, कारण ते इमानानें वागत. ज्या हातीं काम रखडलें, तेथें पेटी आली. ज्यांचें इमान कामांत दिसलें, त्यांना मोकळीक मिळाली.

चौथी पहिल्या ख्रिस्ती मंडळीची. यरुशलेमांत रोजची शिधावाटणी चाले. तींत ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना वगळलें जातें, अशी कुरकुर उठली. बारा प्रेषितांनीं ती दाबली नाहीं, किंवा आपल्या मर्जींतले लोकहि नेमले नाहींत. तुमच्यांतलेच सात जण निवडा, ज्यांची लोकांत साक्ष चांगली आहे व जे शहाणे आहेत, असें त्यांनीं मंडळीलाच सांगितलें. निवडलेल्या स्तेफन, फिलिप्प आदि सातांचीं नांवें ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा वगळल्या जात होत्या, त्यांच्यांतलेच हे असावेत, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. ज्याच्या घरीं उपास पडला, त्याच्याच हातीं वाढण्याची पळी आली!

तर बंधुभगिनींनो, उद्यां पंच निवडतांना तो कोणाचा मुलगा आहे हें विचारूं नका. लहान कामांत तो कसा वागला, लांच दिली तेव्हां त्यानें काय केलें, शेजारीपाजारी त्याच्याविषयीं काय सांगतात, हें विचारा. एकावर सारा भार घालूं नका, वांटून द्या. पैसा दोघांनीं, चारचौघांसमक्ष मोजा. आणि ज्याला वाटणींत कमी पडतें, त्या गरिबाला निवडीच्या बैठकींत पुढें बसवा. एवढें केल्यावर मग किल्ली द्या.