वेग, दंड आणि विवेक

(रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



राज्यसंस्थेच्या हाती दंड असावा की नसावा, हा प्रश्न भारतीय राज्यशास्त्राने फार पूर्वीच निकालात काढला. दंड कसा असावा, याचा विचार मात्र त्याने बारकाईने केला. तीक्ष्ण दंडाने प्रजा त्रस्त होते, मृदू दंडाची ती अवहेलना करते आणि यथार्ह, म्हणजे अपराधाला साजेशा दंडाचा ती आदर करते, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगून ठेवले आहे. ही प्राचीन कसोटी आज मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील कॅमेऱ्यांना लावून पाहण्याची वेळ आली आहे.

जुलै २०२४ पासून या मार्गावर स्वयंचलित यंत्रणेद्वारे वाहनांचा वेग टिपला जाऊ लागला आणि नियम मोडणाऱ्यांच्या नावे ई-चलने निघू लागली. त्याबरोबर वादही सुरू झाला. ही सुरक्षा आहे की शासनाची तिजोरी भरण्याची युक्ती, असा प्रश्न घरोघरी विचारला जाऊ लागला. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरुद्ध आंदोलन पुकारले. हा असंतोष सर्वस्वी निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. परंतु त्याची छाननी करण्यापूर्वी पणाला काय लागले आहे, ते पाहिले पाहिजे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. दिवसाला सरासरी ४६२. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंची नोंद अतिवेग या सदराखाली झाली आहे. पोलीस पंचनाम्यात ‘अतिवेग’ हा शब्द सहज लिहिला जातो आणि रस्त्याच्या रचनेतील दोष त्याआड झाकले जातात, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. तथापि, अपघाताचे मूळ कारण कोणतेही असो, त्यातून माणूस वाचणार की नाही, हे बहुतांशी आघाताच्या क्षणीचा वेगच ठरवतो. द्रुतगती मार्गाने मराठी रंगभूमीचेही अपरिमित नुकसान केले आहे. २००१ साली भक्ती बर्वे आणि २०१२ साली आनंद अभ्यंकर व अक्षय पेंडसे याच मार्गावरील अपघातांत गेले. प्रत्येक अपघाताची कारणे निराळी असतील. पण घरी परतण्याची वाट पाहणारी माणसे सर्वत्र सारखीच असतात.

वेगाचे गणित शाळेतील पदार्थविज्ञानाचे आहे. ताशी १०० कि.मी. वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. समोरचा धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर सरलेले असते. वेग १०० वरून १२० झाला, तर वेगात वाढ २० टक्क्यांची होते, परंतु वाहनातील गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ब्रेकला जिरवावी लागते ती ही ऊर्जा, आणि ब्रेक अपुरे पडले तर ती माणसाच्या देहावर आदळते.

आता या धोक्याच्या मोबदल्यात काय मिळते, तेही पाहावे. द्रुतगती मार्गाची लांबी सुमारे ९४.५ कि.मी. आहे. घाट विसरून हे सारे अंतर ताशी १०० कि.मी. वेगाने कापले, असे क्षणभर धरले, तर ५७ मिनिटे लागतात. १२० च्या वेगाने ४७. लाभ झाला तो साडेनऊ मिनिटांचा. पुण्यात वा मुंबईत शिरल्यावर पहिल्या दोन-तीन सिग्नललाच तो संपतो.

वेगमापक कॅमेऱ्याचा इतिहासही मोठा उद्बोधक आहे. मॉरिस गॅट्सोनाइड्स हे नेदरलँड्सचे नामांकित शर्यतपटू. १९५३ सालची माँटे कार्लो रॅली त्यांनी जिंकली होती. वळणावर आपली मोटार अधिक वेगाने कशी काढता येईल, हे अजमावण्यासाठी त्यांनी वेग मोजण्याचे साधन तयार केले. पुढे त्यातूनच जगभरच्या पोलिसांच्या हाती कॅमेरा आला. शर्यतीच्या मैदानावरचा वेग आणि सार्वजनिक रस्त्यावरचा वेग यांत भेद करण्याचे काम अखेर एका शर्यतपटूच्याच यंत्राकडे आले.

ब्रिटनमध्ये असे कॅमेरे १९९२ पासून बसू लागले. २००० सालापासून दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागविण्याची मुभा स्थानिक यंत्रणांना मिळाली आणि तेथेही ‘हा पैसा उकळण्याचा धंदा आहे’ अशी ओरड झाली. सरकारने दोन गोष्टी केल्या. कॅमेरे लांबूनच दिसावेत म्हणून त्यांना पिवळा रंग दिला आणि २००७ साली दंड व खर्च यांची ती सांगड तोडून टाकली. पुढे निधी आटला. ऑगस्ट २०१० मध्ये ऑक्सफर्डशायर परगण्याने आपले कॅमेरे बंद केले आणि एप्रिल २०११ मध्ये ते पुन्हा सुरू केले. पहारा उठताच चालकांचा वेग वाढल्याचे दिसून आले होते. विविध देशांतील ३५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणघातक व गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले.

या अनुभवातून शासनाने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. दंड हे उत्पन्नाचे साधन आहे, अशी शंका आली की त्याचा नैतिक अधिकार संपतो. आपल्या कायद्यात याचे भान आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम १३६-अ आले. त्याखाली २०२१ साली झालेल्या नियमांनी यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र, त्याचे वार्षिक नूतनीकरण, देखरेखीच्या टप्प्यापूर्वी सूचनाफलक आणि १५ दिवसांच्या आत वाहनमालकाला नोटीस या अटी घातल्या. या अटी कागदावर राहिल्या, चलन सहा महिन्यांनी हाती पडले किंवा वेगमर्यादेचा फलक झाडाआड दडला, तर तो दंड यथार्ह राहत नाही. घाटउतारावर जड वाहनांसाठी ठेवलेली वेगमर्यादा पाळणे कठीण जाते, असे वाहतूकदार सांगतात. त्यांच्या म्हणण्याची तज्ज्ञांकरवी तपासणी होऊन निर्णय कारणांसह जाहीर व्हावयास हवा. वसूल झालेला दंड रस्तासुरक्षेसाठी कोठे खर्च झाला, याचा हिशेबही दरवर्षी जनतेपुढे यावा. आणि लाल दिवा गेला तरी रुबाब न गेलेल्या वाहनांना कॅमेऱ्याने वेगळा न्याय लावता कामा नये.

नागरिकांची बाजू मात्र याहून अवघड आहे. शासन चुकते, म्हणून आपणही चुकावे, हा युक्तिवाद रस्त्यावर टिकत नाही. बोरघाटात डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून उतरणारा चालक इंजिनाचा धाक गमावतो आणि सारा भार तापलेल्या ब्रेकवर टाकतो. त्याची चूक पुढच्या मोटारीतले कुटुंब भोगते. क्रमांकाच्या पाटीला चिखल फासणारा, कॅमेरा आला की वेग कमी करून पुढे गेल्यावर तो वाढविणारा सुशिक्षित गृहस्थ पोलिसाला फसवत नसतो. मागच्या आसनावर बसलेल्या स्वतःच्या मुलाला तो कायदा कसा चुकवावा, याचा पाठ देत असतो. हा मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याच्या हाती किल्ली येणार आहे. दोन ठिकाणांमधील सरासरी वेग मोजणाऱ्या यंत्रामुळे ब्रेक मारण्याची ती चतुराईही आता निरुपयोगी ठरू लागली आहे.

सांगितले नसताही ओळीत उभे राहणे, कोणी पाहत नसतानाही ठरलेला नियम पाळणे, हे अनुशासन समाजाला शिकवावे लागते आणि ते घरातून सुरू होते. हलक्या वाहनाच्या अतिवेगासाठी कायद्याने १ ते २ हजार आणि मध्यम व जड वाहनासाठी २ ते ४ हजार रुपये दंड ठेवला आहे. एका मनुष्यजीवापुढे ही रक्कम किती नगण्य! ती टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय प्रत्येक चालकाच्या उजव्या पायाखाली आहे.

ज्या समाजात स्वयंशासन असते, तेथे दंडाला फारसे काम उरत नाही. द्रुतगती मार्गावरील कॅमेरे दिवसभर जागे राहूनही त्यांना टिपण्याजोगे काही सापडू नये, ही स्थिती आणणे समाजाच्या हाती आहे. पुढच्या प्रवासात घरातील मोठ्यांनी गाडीत बसताना वेगाची मर्यादा मुलांना मोठ्याने सांगावी आणि ती ओलांडली की टोकण्याचा अधिकार त्यांना द्यावा. या पहाऱ्याला ना वीज लागते, ना चलन.