तिकिटावरचा दीड तास



मागच्या हिवाळ्यात आपल्या गटातल्या दोघी पुण्याच्या प्रदर्शनाला निघाल्या होत्या. मोहाचे लाडू, चारोळी, बांबूच्या वस्तू असा माल होता. नागपूर-पुणे विमानाचं तिकीट स्वस्तात मिळालं, म्हणून मीच काढून दिलं. विमान दुपारी दोनचं. "दीड तासाचा तर प्रवास," मी म्हटलं, "सकाळी सहाच्या एसटीनं निघा."

आष्टीच्या अलीकडे ट्रक अडकले होते. तिथंच दीड तास गेला. दोघी विमानतळावर पोचल्या तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती. काउंटर एकलाच बंद झालेला. विमान समोर उभं, पण आत जाता येईना. रात्रीच्या रेल्वेनं गेल्या, पहिल्या दिवशी स्टॉल रिकामा राहिला. तिकिटाचे पैसे गटाच्या खात्यातले होते. चूक माझी होती, म्हणून ते मी तीन हप्त्यांत भरले.

तेव्हापासून मी हिशेब उलटा करते, तो आज सांगते.

नागपूर ते पुणे आकाशातून सरळ रेषेत सुमारे ६०० किलोमीटर, रस्त्यानं ७०० च्या वर. विमान वर गेल्यावर तासाला साडेसातशे-आठशे किलोमीटर जातं. म्हणजे पाऊण तासात पोचायला हवं ना? पण तिकिटावरच्या वेळेत विमानाचं धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, सावकाश उतरणं, उतरल्यावर जागेवर येऊन थांबणं हे सगळं धरलेलं असतं. म्हणून दीड तासाच्या आसपास. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो, त्यामुळे पुण्याहून येताना वेळ थोडा कमी लागतो.

आता आपलं अंतर. आलापल्ली ते नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीनं सहा-सात तास. रस्त्यासाठी एक तास जास्तीचा ठेवा. पावसाळ्यात पूर आला तर रस्ताच बंद होऊ शकतो. विमानतळावर दोन तास आधी पोचा. म्हणजे विमानाच्या दहा तास आधी घर सोडायचं. दोनच्या विमानाला पहाटे चारला! तेव्हा एसटी कुठली? त्यापेक्षा आदल्या दिवशीच नागपूरला मुक्काम करा आणि त्याचा खर्च तिकिटातच धरा. सिरोंच्याच्या मैत्रिणींनो, तुम्हाला नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ पडतं, आधी तिकडचा दर बघा.

आणखी दोन गोष्टी. तिकिटावरचं नाव आधारवरच्या नावासारखंच हवं. आधारवर माहेरचं आणि तिकिटावर सासरचं नाव असेल, तर दारातच अडवतात. दुसरं म्हणजे वजन. बहुतेक स्वस्त तिकिटांवर मोठी बॅग १५ किलो आणि हातातली ७ किलोपर्यंतच. जास्तीचे पैसे पडतात, म्हणून बांबूचा माल आधीच पार्सलनं पाठवा. सुरी, अडकित्ता हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका.

घरापासून स्टॉलपर्यंत बारा-तेरा तास लागतात, त्यात विमानाचा दीडच. मग विमानानं जाऊच नये का? जावं. वेळ वाचतो, घरी लेकरं असतात, माल ताजा पोचतो. फक्त निघण्याची वेळ विमानाची बघून नाही, आपल्या रस्त्याची बघून ठरवा.

यंदा त्याच दोघी पुन्हा जाणार आहेत. मुक्कामाची खोली आधी बघितली, तिकीट नंतर काढलं.

जय सेवा.