जादूच्या शाळेतले स्वयंपाकघर



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा हॅरी पॉटरच्या जादूशाळेविषयी मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. रोलिंगबाईंच्या कथेतल्या फटी पुष्कळांनी दाखविल्या आहेत. १९९९च्या तिसऱ्या भागात काळ मागे फिरविणारे यंत्र एका मुलीला जादा तासांसाठी मिळते. मग पुढल्या भागात एक विद्यार्थी मारला जातो, तेव्हा ते कोणी का वापरीत नाही? बाईंनी नंतर ती यंत्रे फोडूनच टाकली!

मला खटकले ते तळघरातले स्वयंपाकघर. मंत्राने मोडलेली वस्तू सांधते, असलेले अन्न वाढते. तरी तेथे शंभरावर बुटके घरगडी बिनपगारी राबतात. कशासाठी? २०००च्या चौथ्या भागात बंधमुक्त झालेला डॉबी तेवढा पगार मागतो. मुख्याध्यापक आठवड्याला दहा सुवर्णनाणी आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. हा घासाघीस करून एका नाण्यावर आणि महिन्याकाठी एका सुट्टीवर येतो!

पुतणी म्हणाली, "काका, असे कोणी करील का?"

मी गप्प राहिलो. एकदा पगारवाढीच्या बोलण्यांत मालकाने मोठ्या मुष्किलीने आमचा आकडा मान्य केला होता. तेवढ्यात आमचाच एक जुना कामगार हात जोडून उठला, "साहेब, एवढे कशाला? निम्म्यात भागेल आमचे."