खालडांची नोंदवही आणि आपली शाखा

(मानवी हक्क दिनानिमित्त शाखा पदाधिकाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘अशांत भागातील मानवी हक्क कार्यकर्त्यांचे संरक्षण’ असा विषय छापला आहे. तो वाचून सकाळी चहाच्या वेळी एका साथीने विचारले, “सचिव साहेब, बोनस आणि पेन्शन सोडून हे काय नवीन काढले?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ओघात येईलच. आधी एका माणसाची हकिगत ऐका.

जसवंतसिंग खालडा हे अमृतसरचे रहिवासी, तिथल्या एका सहकारी बँकेचे संचालक. १९८४ नंतरची दहा वर्षे पंजाबात रक्तपात चालला होता. अतिरेक्यांनी काय केले हे आपण रेल्वेवाल्यांना कोणी सांगायला नको. १५ जून १९९१ रोजी लुधियानाजवळ गाड्यांतील निरपराध प्रवाशांना गोळ्या घालण्यात आल्या. ते आम्ही विसरलेलो नाही आणि कोणी विसरू नये. पण त्याच काळात दुसरेही घडत होते. पोलिसांनी उचललेली माणसे घरी परत येत नव्हती. आईबाप ठाण्यात गेले की “आमच्याकडे कोणी नाही” असे सांगून त्यांना परत पाठवले जाई.

खालडांच्या ओळखीतली काही माणसे अशीच नाहीशी झाली. शोध घेत घेत ते स्मशानात पोचले आणि तिथे त्यांना नोंदवही सापडली. बेवारस म्हणून किती प्रेते आली, कोणत्या ठाण्याच्या पोलिसांनी आणली, हे तिच्यात तारीखवार लिहिलेले होते. शिवाय चितेला लाकूड लागते, लाकडाचे पैसे द्यावे लागतात आणि पैसे दिले की कागद होतो. माणूस मारून नाकबूल होता येते, पण लाकडाची पावती हिशेबात राहते. रेल्वेत अपघात झाला की पहिल्यांदा नोंदवह्या सील का करतात, हे इथल्या स्टेशन मास्तरांना ठाऊक आहे. खालडांनी काही क्रांती केली नाही, बंदूक उचलली नाही. त्यांनी नोंदवही वाचली.

जानेवारी १९९५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ही माहिती वर्तमानपत्रांपुढे ठेवली. उच्च न्यायालयातही गेले, पण तिथे अर्ज टिकला नाही. ज्यांची माणसे गेली त्यांनी स्वतः यावे, असे सांगण्यात आले. आता ज्याच्या घरातला मुलगा नाहीसा झाला आहे आणि दुसरा मुलगा अजून घरात आहे, तो बाप कोर्टाची पायरी चढेल काय? म्हणून तर त्याच्या वतीने बोलणारा कोणी तरी लागतो. धमक्या सुरू झाल्या. खालडा त्या वर्षी कॅनडाला जाऊन तिथे हे सर्व सांगून आले. तिकडेच राहा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. ते परत आले.

६ सप्टेंबर १९९५ रोजी सकाळी ते अमृतसरच्या कबीर पार्कमधील आपल्या घराबाहेर गाडी धूत होते. तिथून त्यांना उचलून नेले. पोलिसांचे उत्तर ठरलेलेच होते.

टपाल खात्यातील साथींनी आता नीट ऐकावे. त्याच दिवशी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीचे अध्यक्ष गुरचरणसिंग तोहरा यांनी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कुलदीपसिंग यांच्या नावाने तार केली. वकील नाही, स्टॅम्प पेपर नाही, नुसती तार. ११ सप्टेंबरला न्यायालयाने ती तारच हेबिअस कॉर्पसचा अर्ज मानली, म्हणजे माणूस हजर करा अशी मागणी. तारखाते आणि टपालखाते १९८५ सालीच वेगळे झाले होते हे खरे, पण तार ती तारच. १५ नोव्हेंबरला सीबीआयकडे दोन चौकश्या देण्यात आल्या, एक खालडांबद्दल आणि दुसरी त्यांच्या नोंदवह्यांबद्दल. १९९६ च्या अखेरीस आकडा आला. दुर्गियाना मंदिर, पट्टी आणि तरनतारन या एकाच जिल्ह्यातील तीन स्मशानांत पोलिसांनी २,०९७ प्रेते जाळली होती. त्यांपैकी ५८५ ची पूर्ण ओळख पटली, २७४ ची अर्धवट पटली आणि १,२३८ ची मुळीच पटली नाही. प्रकरण राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेले, पण चौकशी त्या तीन स्मशानांपुरतीच राहिली.

खुद्द खालडांचे काय झाले? न्यायालयात सिद्ध झाले ते असे की, ऑक्टोबर १९९५ च्या अखेरीपर्यंत ते जिवंत होते. म्हणजे तार पोचली, न्यायालयाने जाब विचारला, त्यानंतरही कित्येक आठवडे हा माणूस कोठडीत जिवंत होता, आणि पोलीस न्यायालयाला “आमच्याकडे नाही” म्हणून सांगत होते. या मधल्या आठवड्यांचा विचार आमच्या मनातून जात नाही. पुढे ज्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला, तो ठाण्यातलाच एक कनिष्ठ माणूस होता. भीतीपोटी तो काही वर्षे गप्प होता. त्याला आम्ही दोष देत नाही. बोलल्यावर आपल्याला कोण सांभाळणार, हे त्याला कोणी सांगितले होते?

मुख्य आरोपी असलेल्या पोलीस अधीक्षकाने मे १९९७ मध्ये चंदीगडजवळ रेल्वेगाडीखाली जीव दिला. त्या गाडीच्या ड्रायव्हरचा जबाब अजून कुठल्या तरी फायलीत असेल. नोव्हेंबर २००५ मध्ये सहा पोलिसांना शिक्षा झाली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने एकाला सोडले आणि चौघांची सात वर्षांची शिक्षा वाढवून जन्मठेप केली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती कायम केली. सोळा वर्षे! एवढी वर्षे पत्नी परमजीत कौर कोर्टात उभ्या राहिल्या. त्या खचल्या असत्या तर खटलाही तिथेच संपला असता.

काही साथी म्हणतील, अशी माणसे अतिरेक्यांना पाठीशी घालतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की, अतिरेक्यालाही कोर्टात उभा करा, शिक्षा द्या आणि त्याची नोंद ठेवा. नोंद मागणारा देशद्रोही ठरू लागला तर उद्या मस्टर मागणारा युनियनवालाही ठरेल. छत्तीसगडचे कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांनी आपल्या जिवाला धोका असल्याचे आधीच सांगून ठेवले होते. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेतच त्यांना गोळी घातली गेली. सकाळच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आले.

उरलेले अर्धे आपल्या रुळावरच आहे. ओरिसात जेराईकेला इथे डिसेंबर १९८७ मध्ये सुमन बेहेरा या बावीस वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी पकडले. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळावर मिळाले. तो पळून गेला आणि गाडीखाली आला, असा पोलिसांचा पवित्रा होता. डॉक्टरांच्या साक्षीत जखमा लाठीसारख्या वस्तूच्याही निघाल्या. त्याची आई नीलाबती बेहेरा हिने सर्वोच्च न्यायालयाला साधे पत्र लिहिले. न्यायालयाने पत्रालाच अर्ज मानले आणि मार्च १९९३ मध्ये दीड लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. संयुक्त राष्ट्रांचा १९९८ चा जाहीरनामा एकट्याने किंवा संघटितपणे मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या कोणाही माणसाला रक्षणकर्ता मानतो. ती आईही त्यात आली, आणि रुळावर प्रेत पाहून खरी वेळ लिहून ठेवणारा गँगमनही.

इथे आमचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या शाखेतील एका गँगमनने अशाच एका बाबतीत खरा जबाब दिला. त्याला रात्री-अपरात्री बोलावणी येऊ लागली. मग लांबची बदली झाली. त्याने आमच्याकडे अर्ज दिला. आम्ही म्हटले, ही सेवाविषयक बाब नाही, कार्यकारिणीत बघू. अर्ज तीन आठवडे कपाटात राहिला. तोवर त्याने आपला जबाब फिरवला होता. पुढे तो आम्हाला भेटला तेव्हा रागावला नाही, उलट चहा पाजला. तो चहा आम्हाला अजून आठवतो.

कायद्यात आज काय आहे ते थोडक्यात सांगतो. डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये अटकेची लेखी नोंद, साक्षीदाराची सही आणि नातेवाइकाला खबर देणे बंधनकारक केले. नागरिक सुरक्षा संहितेतही हे आले आहे. साक्षीदार संरक्षण योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लागू केली. राष्ट्रीय आयोगात रक्षणकर्त्यांसाठी वेगळा संपर्क अधिकारी आहे. पण आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावे लागते. सैन्यदले किंवा केंद्राची सशस्त्र दले गुंतलेली असतील तर आयोग स्वतः चौकशी करू शकत नाही, फक्त केंद्राकडून अहवाल मागवू शकतो. अशांत भागात नेमकी हीच दले असतात, ही या कायद्यातील मोठी फट आहे आणि ती बुजवण्याची मागणी महासंघाने लावून धरावी.

तार २०१३ साली बंद झाली. रजिस्टर पत्रही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. तरी पोचपावती अजून मिळते. म्हणून आम्ही एक ठराव आणला आहे. कोणत्याही सभासदाला, साक्षीदाराला किंवा कार्यकर्त्याला धमकी आल्याचे कळले की शाखेने कार्यकारिणीची वाट न पाहता त्याच दिवशी आयोग, पोलीस अधीक्षक आणि उच्च न्यायालय यांना पत्र पाठवावे. एकाच्या नव्हे, निदान दहा जणांच्या सहीने. कोणाला उचलून नेल्याचे कळले तर दोघा-दोघांनी जवळच्या प्रत्येक ठाण्यात जाऊन लेखी विचारणा करावी आणि पोच घ्यावी. पोच नाकारली तर नाकारल्याची वेळ लिहून ठेवावी. बदलीच्या ठिकाणी गेलेल्या साक्षीदाराला तिथल्या शाखेने भेटत राहावे.

ठरावाचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. दुपारच्या सत्रात तो वाचला जाईल. ज्यांच्या हरकती असतील त्यांनी जेवणाच्या सुटीत त्या लेखी द्याव्यात.