‘वाचणे’ : रूप एक, धातू दोन



भामरागड-एटापल्लीकडे ज्या मुलाच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, त्याच्यापुढे ‘राजा वाचला’ हे वाक्य आले म्हणजे तो विचारतो, राजाने काय वाचले? प्रश्न रास्त आहे. पुस्तक वाचणे हे संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणे, यापासून आले. अक्षरांना बोलते करणे हा त्याचा मूळ भाव. संकटातून वाचणे मात्र व्युत्पत्तिकार ‘वञ्च्’ धातूकडे नेतात : चुकविणे, हुलकावणी देणे. ‘वंचना’ त्याच कुळातली. मृत्यूला चुकविले, तो वांचला! जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या शब्दावर अनुस्वार असे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि ही खूण पुसली. इंग्रजीतही ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणे आणि चिकटणेही. तेथेही दोन निराळी जुनी क्रियापदे एकरूप झाली.

मग मुलाने ओळखावे कशाने? ‘राजाने पत्र वाचले’ येथे ‘ने’ प्रत्यय आहे, कर्म आहे. ‘राजा वाचला’ येथे दोन्ही नाहीत. ही जोडी फळ्यावर एकाखाली एक लिहावी. वर्तमानकाळात मात्र प्रत्ययाची खूण मिळत नाही. म्हणून ‘राजा वाचतो’ हे वाक्य एकटे न देता मागच्यापुढच्या वाक्यांसह द्यावे.