लोखंडाचं कीट आणि आपली दळी
(खालापूरच्या बैठकीतील भाषण)

जुन्या लोखंडाचा दगड कुठला, हे ओळखता येतं. दगड भट्टीत कोळशावर तापवला की लोखंड वेगळं होतं, कीट उरतं. किटाचे कण लोखंडातही अडकतात. त्यात टायटॅनियम, मँगनीज किती, हे खाणीच्या दगडाशी ताडून बघतात.

नागपूरकडं नायकुंडला डेक्कन कॉलेजनं सुमारे २७०० वर्षांपूर्वीची भट्टी उकरली. तिथं कुणी कागद मागितला नाही. भट्टी आणि कीट हीच साक्ष.

आपल्या दळीला मात्र कागद मागितला जातो. कीट खाण सांगेल, कसणाऱ्याचं नाव सांगणार नाही. म्हणून बांध, विहीर, लावलेली झाडं दाखवा. म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून घ्या. आपलं कीट तेच!