मुलाचे मौन

मुलांना फसविणारा माणूस आता दारावर थाप मारीत नाही. मोबाइलवरील खेळात तो समवयस्क म्हणून भेटतो, स्तुती करतो, गुपिते राखतो. आणि एखादे खाजगी छायाचित्र हाती लागले, की ते चारचौघांना दाखविण्याची धमकी देऊ लागतो. त्याचे सारे भांडवल म्हणजे मुलाचे मौन, आणि ते पुष्कळदा घरातूनच पुरविले जाते. “असले काही दिसले तर मोबाइल काढून घेईन,” हे ऐकलेले मूल संकटकाळी आईवडिलांकडे येईलच कसे? मोबाइल जाणार नाही, असे वचन आधीच द्यावे, आणि (हेच अवघड!) ते पाळावे. संतापाच्या भरात संदेश पुसू नयेत. तोच पुरावा असतो.

शाळांतून असे प्रकरण नावलौकिकाच्या काळजीने आतल्या आत मिटविणे हा शहाणपणा समजला जातो. वस्तुतः २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पालक कचरतात ते पोलीस ठाण्याच्या भीतीने. परंतु कलम २४ प्रमाणे मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो, घेणारा अधिकारी गणवेशात असता कामा नये, आणि रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. १०९८ या क्रमांकावर मूल स्वतःही दूरध्वनी करू शकते. तो त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असावा.